आधी अंडर-१५ची मुलं हातात द्या

न्हावा शेवा बंदराच्या बाजूने पाहिले तर पनवेलच्या खाडीपलीकडे नेरूळ येते. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी महिला फुटबॉलच्या आशियाई चषकाचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला दक्षिण कोरियाचा संघ दोन गोलांनी पुढे होता. शिट्टी वाजली तेव्हा चीनने सामना ३-२ असा जिंकला होता, आणि विजयी गोल भरपाईच्या वेळेत बदली खेळाडू शाओ युयीने केला होता. चीनच्या बेंचवर मुख्य प्रशिक्षक म्हणून शुई छिंगश्या होत्या. हातचा जात असलेला सामना मध्यंतरात वाचायचा, कोणाला बसवायचे नि कोणाला उतरवायचे ते ठरवायचे आणि निर्णय फसला तर त्याची जबाबदारी आपल्या अंगावर घ्यायची, हा आपल्या प्रशिक्षकी व्यवसायाचा गाभा आहे. त्या रात्री हे काम एका बाईने केले याचे कोणाला नवल वाटले नाही, कारण संघ महिलांचा होता. हेच काम पुरुषांच्या संघासाठी बाईने करायचे म्हटले की आपल्या बैठकांमध्ये आधी हसू येते आणि मग आक्षेप. हसण्याला उत्तर द्यायचे कारण नाही. आक्षेप मात्र एकेक करून तपासायला हवेत, कारण त्यातले काही खरोखर वजनदार आहेत.

आधी जगात काय घडले ते पाहू. १९९९ मध्ये इटलीत कॅरोलिना मोराचे यांना व्हितेर्बेसे या तिसऱ्या श्रेणीतल्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षकपद मिळाले. दोन सामन्यांनंतर त्यांनी ते सोडले. २०१४ मध्ये फ्रान्सच्या क्लेरमाँ क्लबने पोर्तुगालच्या हेलेना कोश्ता यांची नेमणूक वाजतगाजत जाहीर केली. हंगाम सुरू व्हायच्या आतच त्या बाहेर पडल्या. खेळाडूंची खरेदी आणि सरावसामने आपल्याला न विचारता ठरवले जातात, ही त्यांची तक्रार होती. २०२३ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सने हॅना डिंगली यांना हंगामी प्रशिक्षक केले. सगळीकडे बातम्या झळकल्या, आणि त्यांच्या वाट्याला आला एक मैत्रीपूर्ण सामना. ही यादी दाखवून ‘बघा, जमत नाही’ असे म्हणणारे आपल्यातही आहेत. पण यादी नीट वाचली तर वेगळेच दिसते. मोराचे आणि कोश्ता बाहेरून आणून थेट शिखरावर बसवल्या गेल्या. डिंगली क्लबच्या अकादमीतल्याच होत्या, पण त्यांना पुरेसा काळच मिळाला नाही. कोश्तांच्या बाबतीत तर पद होते आणि अधिकार नव्हता. संघनिवडीची वही ज्याच्या हातात नाही असा प्रशिक्षक पुरुष असता तरी टिकला नसता. कोश्ता गेल्यावर त्याच क्लेरमाँने कोरीन दियाक्र यांना आणले. त्या तीन हंगाम टिकल्या आणि २०१७ मध्ये गेल्या त्या थेट फ्रान्सच्या राष्ट्रीय महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून. क्लब तोच, श्रेणी तीच, तरीही दोन निकाल इतके वेगळे. मग केवळ बाई असणे हे कारण कसे असेल?

जिथे हे जमले तिथली वाट बहुतेक वेळा सारखीच निघते. बुंडेसलिगात युनियन बर्लिनच्या बेंचवर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये मारी-लुइझ एटा सहायक म्हणून आल्या. त्या लीगमधल्या त्या पहिल्या महिला सहायक प्रशिक्षक. त्याआधी त्या त्याच क्लबच्या अंडर-१९ मुलांसोबत काम करत होत्या. पुढे जानेवारी २०२४ मध्ये मुख्य प्रशिक्षकावर बंदी आली तेव्हा डार्मस्टाटविरुद्धच्या सामन्यात टचलाइनवर त्या उभ्या राहिल्या आणि संघ १-० ने जिंकला. तिसऱ्या श्रेणीतल्या इंगोलश्टाटने मे २०२४ मध्ये झब्रिना विटमन यांना हंगामी मुख्य प्रशिक्षक केले आणि पुढच्याच महिन्यात कायम केले. त्याही क्लबच्या युवा विभागात वर्षानुवर्षे घासलेल्या, अंडर-१९चा संघ सांभाळलेल्या. आशियात याच्याही आधीचे उदाहरण आहे. हाँगकाँगच्या ईस्टर्न क्लबने डिसेंबर २०१५ मध्ये चान युएन-तिंग यांना बढती दिली तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. २०१६ च्या वसंतात ईस्टर्नने लीग जिंकली. एखाद्या देशाच्या अव्वल पुरुष लीगचे विजेतेपद बाईच्या हाताखाली मिळण्याची ती पहिलीच वेळ. याच चान यांच्या संघाला २०१७ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये ग्वांगझूने ७-० असे धुतले, हेही लगेच सांगितले जाते. सांगावेच. पण समोरच्या बेंचवर विश्वचषकविजेते स्कोलारी होते आणि त्यांच्या संघाचा खर्च हाँगकाँगच्या लीगला पेलणारा नव्हता. त्या रात्री ईस्टर्नच्या बेंचवर कोणीही असता तरी फळा फार वेगळा दिसला नसता.

म्हणून या अंकाचे म्हणणे एवढेच आहे की, बाईला मुख्य प्रशिक्षक करा ही मागणी आज चुकीच्या टोकाकडून केली जाते. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) एखाद्या क्लबने उद्या एखादी महिला मुख्य प्रशिक्षक नेमली तर टाळ्या पडतील, आणि पहिल्या चार पराभवांत ती घरी जाईल. दार उघडायचे असेल तर ते मुलांच्या अंडर-१३, अंडर-१५, अंडर-१९ संघांच्या बेंचवर उघडावे लागेल. हे आपल्याला नवे नाही. भारतीय पुरुष प्रशिक्षकांनीही हीच वाट तुडवली आहे. खालिद जमील यांनी २०१७ मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून दिली, तरी आयएसएलच्या मालकांना परदेशी नावच हवे होते. जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने हंगामाच्या मध्यात आपला प्रशिक्षक काढला, सहायक असलेल्या खालिद यांना हंगामी म्हणून बसवले, आणि त्यांनी साखळीतले उरलेले सामने न हरता संघ प्ले-ऑफमध्ये नेला. त्याच वर्षी ते आयएसएलमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. ‘या स्तराचा अनुभव नाही’ हे वाक्य आपल्यापैकी कितीतरी जणांना ऐकवले गेले आहे. तेच वाक्य आता आपण बायकांना ऐकवतो तेव्हा निदान ते कोणाकडून शिकलो एवढे तरी आठवावे.

पहिला मोठा आक्षेप म्हणजे मुलगे आणि पुरुष बाईचे ऐकणार नाहीत. याचे उत्तर आपल्याच परवाना वर्गांत आहे. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळच्या अंजू तुरंबेकर महाराष्ट्राकडून खेळल्या, आशियाई फुटबॉल महासंघाचा (एएफसी) ‘ए’ परवाना मिळवला, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ग्रासरूट विभागाच्या प्रमुख झाल्या आणि पुढे गोव्याच्या डेम्पो क्लबच्या युवा विकासाचे काम त्यांनी पाहिले. कोच एज्युकेटर म्हणून त्यांनी ज्यांना शिकवले त्यांत पुरुष प्रशिक्षकच जास्त. सत्र कसे आखायचे, दहा वर्षांच्या पोराला चेंडू कसा ओळखीचा करून द्यायचा, चूक कधी थांबवायची आणि कधी चालू द्यायची, हे बाईकडून ऐकून, वहीत उतरवून, तिच्यासमोर प्रात्यक्षिक देऊन माणसे पास होतात. घरी जाऊन तेच लावतात. वर्गात तीस-पस्तीस वर्षांचे पुरुष ज्यांचे ऐकतात त्यांचे मैदानावर चौदा वर्षांची पोरे ऐकणार नाहीत, हा तर्क कोणत्या अनुभवावर उभा आहे ते कळत नाही. मुलगे प्रशिक्षकाला पारखतात ते फार साध्या गोष्टींवर. सत्र वेळेवर सुरू होते का, बाईंना खेळ कळतो का, आणि त्या आपल्याला खेळवतात का. इंगोलश्टाटच्या मुलांनी विटमन यांना अंडर-१९मध्ये असेच पारखले असणार. सीनियर संघात आल्यावर नव्याने पारखायला उरले तरी काय?

ड्रेसिंग रूमचा प्रश्न नेहमी दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून तो मोठ्याने घेऊ. बाई मुलांच्या ड्रेसिंग रूममध्ये कशी जाणार? पुरुष प्रशिक्षक मुलींच्या ड्रेसिंग रूममध्ये जातात तशीच, म्हणजे कपडे बदलून झाल्यावर, दार वाजवून, दुसरी जबाबदार व्यक्ती सोबत घेऊन. मुलींच्या संघांवर पुरुष प्रशिक्षक नेमताना ही काळजी कोणाला फारशी छळत नाही. २०२२ मध्ये भारताच्या अंडर-१७ मुलींच्या युरोप दौऱ्यावरून एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपामुळे परत बोलवून बडतर्फ करावे लागले, तेव्हा नियमांची आठवण झाली. नियम दोन्ही बाजूंना सारखे हवेत आणि लेखी हवेत. ते असले की हा आक्षेप उरत नाही.

‘पुरुषांच्या स्तरावर खेळल्याशिवाय पुरुषांचा वेग आणि धक्का कळत नाही’ हा आक्षेप मात्र आम्ही झटकून टाकणार नाही. त्यात तथ्य आहे. अंडर-१९ मुलगा ज्या अंतरावरून प्रेस करायला निघतो ते अंतर, चेंडू हरवल्यावर परतायला लागणारे सेकंद, हवेतल्या चेंडूवरची झटापट, यांचे गणित मुलींच्या खेळाहून वेगळे असते, आणि दुसऱ्या खेळातून आलेला आकडा इथे चालत नाही. पण हे गणित स्वतः खेळूनच शिकावे लागते असे नाही. आरिगो साकी व्यावसायिक फुटबॉल कधी खेळले नाहीत, तरी त्यांच्या मिलानने १९८९ आणि १९९० असे सलग दोन युरोपियन चषक घेतले. १९९४ चा विश्वचषक ब्राझीलला जिंकून देणारे परेराही खेळाडू म्हणून कोणी नव्हते. ते गणित ते रोज त्या स्तरावर काम करून शिकले. म्हणजे हा आक्षेप खरा मानला तरी उपाय आमच्याच म्हणण्याकडे येतो. त्या वयोगटातल्या मुलांसोबत बाईला काही हंगाम काढू द्या.

याहून टोकदार आक्षेप महिला फुटबॉलमधूनच येतो. आमच्या चांगल्या प्रशिक्षक तुम्ही का नेता, आमचा खेळ म्हणजे काय तुमच्याकडे चढायची पायरी आहे? २०२१ मध्ये एएफसी विम्बल्डनच्या पुरुष संघाशी नाव जोडले गेले तेव्हा महिला संघाच्या प्रशिक्षक एमा हेज यांनी ते याच भावनेने झटकले होते, आणि त्यांचे बरोबर होते. त्यांनी पुढे २०२४ मध्ये अमेरिकेच्या महिलांना ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिले. पण पायरी नसेल तर दार दोन्हीकडून उघडे हवे. २०२३ च्या महिला विश्वचषकात ३२ संघांपैकी १२ संघांच्याच मुख्य प्रशिक्षक महिला होत्या. पुरुष इकडून तिकडे सहज जातात, बायका तिकडून इकडे येऊ शकत नाहीत. अर्ध्या बाजारात फक्त एकालाच दुकान मांडता येत असेल तर दुसऱ्या अर्ध्यातही त्याचेच दुकान मोठे होते. आपल्याकडे गोव्याच्या मेमोल रॉकी यांनी २०१७ पासून भारताचा महिला संघ सांभाळला, २०१९ मध्ये सॅफ चषक आणि दक्षिण आशियाई स्पर्धेचे सुवर्ण आणले. २०२१ मध्ये त्या बाजूला झाल्यावर जागा स्वीडनच्या थॉमस डेनरबी यांच्याकडे गेली. डेनरबी नाणावलेले प्रशिक्षक, त्यांच्या नेमणुकीवर आमचा रोख नाही. मेमोल यांच्यासारख्या अनुभवी बाईला त्यानंतर पुरुषांच्या कोणत्या बेंचवर जागा मिळू शकली असती, हा आमचा प्रश्न आहे. उरण-पनवेल पट्ट्यात कबड्डीवर जीव टाकणाऱ्यांना दुसरे एक नाव आठवेल. नाशिकच्या शैलजा जैन इराणला गेल्या, आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या इराणी मुलींनी भारताला २७-२४ असे हरवून सुवर्ण नेले. घरच्यांनी वापरले नाही ते ज्ञान दुसऱ्यांनी वापरले.

उरला गुणवत्तेचा मुद्दा. पात्र बायका आहेतच कुठे, असे क्लबचे सेक्रेटरी विचारतात. आहेत, पण थोड्या. त्या थोड्या का, हे परवान्याची शिडी चढलेल्या कोणालाही कळेल. डी, सी, बी, ए, प्रो. वरच्या पायऱ्यांवर जाताना मधल्या काळात प्रत्यक्ष संघासोबत काम केलेले असावे लागते. परवाना कागदावर मिळतो, पुढची पायरी मात्र मैदानावरच्या तासांवर मिळते. महाराष्ट्रात मुलींच्या स्पर्धा मोजक्या आणि हंगाम आखूड आहेत. मुलग्यांचे संघ वर्षभर खेळतात, वयोगट जास्त, सामने जास्त, पगारही तिथेच. थोडक्यात, तास आहेत ते मुलग्यांच्या फुटबॉलमध्ये. डी परवाना घेऊन बसलेल्या बाईला तिथे जागा नाही म्हणजे सी आणि बीची वाटही जवळजवळ बंद. आयएसएलला मुख्य प्रशिक्षकासाठी प्रो परवाना लागतो. आज अंडर-१५ नाकारलेली बाई दहा वर्षांनी प्रो परवाना घेऊन उभी राहणार कुठून? आम्ही राखीव जागा मागत नाही. अर्ज मागवताना ‘मुलांच्या संघासाठी’ असे लिहिले की मनात आपोआप पुरुष उभा राहतो, एवढे थांबवा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळाची लढत लागली की गाव लोटते. एखाद्या तालमीने आपला कुमार संघ बाईकडे दिला तर त्या एका निर्णयाचे वजन दहा परिसंवादांहून जास्त असेल. तालमींना हे सांगणे सोपे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.

आपल्या किनाऱ्यापुरते बोलायचे तर अडचणी आणखी साध्या आहेत. न्हावा शेवा, उलवे, द्रोणागिरी इथल्या सरावाच्या वेळा शाळा सुटल्यावरच्या, म्हणजे संपताना अंधार. जेएनपीटीच्या रस्त्यावर ट्रेलरची रांग लागली की दुचाकीवरून जाणे पुरुषालाही नको वाटते. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत येते, त्यामुळे बेलापूर-नेरूळकडच्या प्रशिक्षकांना यायला आता सोय आहे. सत्राची वेळ गाडीच्या वेळेशी जुळवायला क्लबला खर्च येत नाही. मैदानावर बाईंसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह हवे, सत्र संपल्यावर स्टेशनपर्यंत सोबत हवी, आणि पगार त्याच वयोगटाच्या पुरुष प्रशिक्षकाइतका हवा. करारात एक कलम ठळक असावे. संघनिवडीच्या कागदावर सही मुख्य प्रशिक्षकाची, आणि ती बदलायचा हक्क मालकाला, सेक्रेटरीला किंवा पोराच्या वडिलांना नाही. पुढच्या हंगामाच्या नेमणुका पावसाळ्यात ठरतात. या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांच्या हातात त्या आहेत त्यांनी निदान एका अंडर-१५ संघासाठी आलेले बायकांचे अर्ज बाजूला न ठेवता पुरुषांच्या अर्जांसोबत, एकाच बैठकीत आणि एकाच मैदानावर सत्र घ्यायला लावून पाहावेत.