बाळाच्या आईचे केस : कापायचे, पण किती?

बाळ तीन-साडेतीन महिन्यांचं होतं, रात्रीची जागरणं जरा कुठे कमी होऊ लागतात आणि नेमके त्याच सुमारास आईच्या कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागतात. न्हाणीघराच्या जाळीवर, उशीवर, बाळाच्या दुपट्यावर, सगळीकडे केसच केस. आरशात पाहावं तर भांग रुंद झालेला, कानशिलं उघडी पडलेली. डिंकाचे लाडू, अळीव, शेक-शेगडी यांबद्दल ढीगभर सल्ले मिळालेले असतात, पण याबद्दल कोणी अवाक्षर काढलेलं नसतं. मग एखाद्या दुपारी ती तिरमिरीत ठरवून टाकते, ‘पुरे झालं! आता बॉयकटच करते.’

जयपूरच्या झालाना भागात राहणाऱ्या आईची पंचाईत तर दुहेरी. एका बाजूला बिबट्यांसाठी प्रसिद्ध असलेली झालानाची टेकडी आणि जंगल, दुसऱ्या बाजूला सरकारी कचेऱ्या, अकादमी, पासपोर्ट कार्यालय असलेलं सांस्थानिक क्षेत्र. मे-जूनमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर, त्यात लू आणि धुळीची आंधी. शहराला बिसलपूर धरणाचं पाणी मिळतं, पण ज्या घरात बोअरचं जड पाणी वापरावं लागतं तिथे शांपूला धड फेस येत नाही आणि केस राठ होतात. बदलीच्या निमित्ताने तिथे गेलेल्या मराठी घरातल्या सुनेचं माहेर पुण्या-नाशकाला. डोक्याला तेल लावून न्हाऊ घालणारी आई सव्वा महिना राहून परत गेलेली. अशा वेळी लांब केस सांभाळायचे कोणी?

पण घाईने कात्री लावण्यापूर्वी केस का गळतात हे समजून घेतलेलं बरं. गरोदरपणात शरीरातल्या वाढलेल्या हार्मोन्समुळे जे केस एरवी गळायचे ते गळत नाहीत, म्हणून त्या काळात केस दाट दिसतात. बाळंतपणानंतर हार्मोन्स उतरतात आणि थांबून राहिलेले ते सगळे केस दोन ते चार महिन्यांनी एकदमच गळू लागतात. एरवी दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं स्वाभाविक असतं, या काळात त्याहून बरेच जास्त गळतात. अंगावर पाजल्याने केस जातात हा निव्वळ गैरसमज आहे. बहुतेकींचे केस बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत पूर्ववत होतात. वर्ष उलटूनही गळती थांबली नाही, किंवा सोबत थकवा, धडधड, वजनातला फरक जाणवला, तर मात्र हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. बाळंतपणानंतर थायरॉइडचा त्रास अनेकींना होतो आणि ‘जागरणाचा शीण’ म्हणून तो अंगावर काढला जातो.

केस कापल्याने गळती थांबत नाही. कापायचे ते सोयीसाठी आणि दिसण्यासाठी. आणि इथेच बॉयकटचा हिशेब चुकतो. अगदी आखूड केसांचा आकार चार-सहा आठवड्यांत बिघडतो. तान्ह्या बाळाला घरी ठेवून दर महिन्याला पार्लर गाठणं जिला जमत असेल तिने तो खुशाल करावा, पण त्याला बिनकटकटीचा म्हणता येणार नाही. कपाळावरच्या बटांचं, म्हणजे फ्रिंजचंही तेच. तीन आठवड्यांत त्या डोळ्यांत येतात आणि जयपूरच्या उन्हाळ्यात घामाने कपाळाला चिकटून बसतात.

सर्वांत कमी कष्टाचे केस ते, जे मोकळे सोडले तरी नीट दिसतात आणि बाळ कडेवर असताना एका हाताने मागे घेऊन रबरात अडकवता येतात. म्हणजे खांद्याला टेकणारे किंवा त्याहून दोन बोटं लांब. टोकं सरळ एका रेषेत कापलेली असली की विरळ केसही भरलेले दिसतात, म्हणून पातळ केसांना ब्लंट कट उत्तम. पार्लरवाली आग्रह करते म्हणून खूप स्टेप्स पाडून घेऊ नयेत, आधीच उणे झालेले केस आणखी उणे दिसतात. बाळंतपणानंतर चेहरा भरलेला असेल तर हनुवटीवर संपणारा बॉब टाळावा, तो गोलाई वाढवतो. चेहरा लांबट किंवा उतरलेला असेल तर तोच बॉब शोभून दिसतो. कुरळे केस वाळल्यावर वर चढतात, म्हणून ते हव्या त्या लांबीपेक्षा थोडे लांबच ठेवायला सांगावेत.

नवे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे चौथ्या महिन्यात उगवू लागलेले केस बाळाच्या वाढदिवसाला आठ-नऊ सेंटिमीटरचे होतात. तोवर ते कपाळावर उभे राहून सतावणारच. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना हनुवटीपर्यंतच्या एक-दोन हलक्या बटा कापून घेतल्या तर हे बंडखोर केस त्यांत मिसळून जातात. भांग मधून एका बाजूला सरकवला की कानशिलंही झाकतात.

घरची नाराजी हा खरा अडथळा. ‘सूनबाई, सवाष्णीने केस कापू नयेत,’ असं सासूबाई म्हणतात तेव्हा त्या आगाऊपणा करत नसतात, एक जुनं भय बोलत असतं. महाराष्ट्रात केस उतरवणं हे वैधव्याशी जोडलेलं होतं. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला, तेव्हा कुठे त्या प्रथेला मोठा धक्का बसला. राजस्थानातही डोक्यावरची ओढणी आणि भांगावरचा बोर यांना मान आहे. पण याच जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी आखूड केस आणि शिफॉनची साडी अशा वेशात आयुष्यभर वावरल्या आणि रुबाबात कुठे उण्या पडल्या नाहीत. गंमत म्हणजे बाळाचं जावळ, ज्याला तिथे जडूला म्हणतात, काढायला सारं कुटुंब सालासर किंवा खाटूला हौसेने जातं, आणि बाळाच्या आईने चार बोटं केस कापले की चर्चा! सासूबाईंना पार्लरला सोबत न्यावं, बाळ त्यांच्या मांडीवर द्यावं. निम्मा विरोध तिथेच मावळतो.

केस सरळ करण्याच्या किंवा केरॅटिनच्या रासायनिक उपचारांचा मोह मात्र टाळावा. त्यांतल्या काहींमधून फॉर्मॅल्डिहाइडची वाफ निघते. बाळ अंगावर पीत असताना ते नकोच. घट्ट पोनीटेलही नको, त्याने कानशिलावरचे केस ओढले जाऊन तुटतात. कापड गुंडाळलेलं मऊ रबर पुरेसं आहे. टोकदार क्लचर बाळाच्या डोक्याला लागतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. गळलेला एखादा लांब केस बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाला गुंडाळला जातो, आवळत जातो आणि बोट सुजून लाल-निळं होतं. बाळ कशानेच शांत होत नसेल तर मोजे काढून बोटं एकेक करून पाहावीत. केस रुतलेला दिसला तर उशीर न करता डॉक्टर गाठावा. मोजे घालण्यापूर्वी उलटे करून झटकण्याची सवय लावून घ्यावी.

केस कापायचे तर केव्हा? २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची झाली. म्हणजे कचेरीत परतण्याची वेळ आणि डोकं सर्वांत विरळ दिसण्याची वेळ साधारण एकच. रजा संपण्याच्या आठ-दहा दिवस आधी, बाळाला पाजून झाल्याबरोबर निघावं, घरूनच केस धुऊन जावं, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात परतता येतं. खांद्यापर्यंतचा कट अडीच-तीन महिने सहज टिकतो. पुढची खेप नवव्या महिन्यात, बाळाच्या गोवर-रुबेलाच्या लशीच्या सुमारास.