मिरवणुकीआधी गॅलरी तपासा

गणपती तोंडावर आले. विसर्जनाच्या दिवशी गिरगावात, लालबागला, पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर घर असलेल्यांकडे पाहुण्यांची रीघ लागते आणि सगळे गॅलरीतच दाटीवाटीने उभे राहतात. एरवी चार कुंड्या नि वाळत घातलेले कपडे असतात, तिथे पंधरा-वीस माणसं कठड्यावर रेलतात; ढोल जवळ आला की पोरं उड्याही मारतात. तेव्हा आमंत्रणाचे फोन करण्याआधी गॅलरीची अवस्था पाहून घ्या.

काँक्रीटची बाहेर काढलेली गॅलरी बहुधा घराच्या बाजूनेच धरलेली असते. खोलीच्या स्लॅबमध्ये मधला भार पेलणाऱ्या सळया तळाशी असतात. अशा गॅलरीत मुख्य सळया वरच्या अंगाला, लादीखाली असतात. लादीचे सांधे उघडले की कुंड्यांचं, धुण्याचं, पावसाचं पाणी थेट त्यांच्यावर झिरपतं. खालून रंग शाबूत दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका. आणि पोपडे पडू लागल्यावर मिस्त्री बोलावून प्लास्टर थापून घेणं, ही तर आपली जुनी खोड. गंज आत चालूच राहतो.

भिंत आणि लादी मिळतात तिथे, भिंतीला समांतर फट पडली आहे का? आतूनच तांब्याभर पाणी ओता. पूर्वी जाळीकडे वाहणारं पाणी आता बाहेरच्या कडेला साचत असेल, तर गॅलरी झुकली असण्याची शक्यता आहे. लोखंडी कठडा बुडाशी गंजलाय का, तेही पाहा. चाळीतल्या लाकडी गॅलरीत तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आधी कुजतं. तिथे पेचकस सहज रुतला, तर पुढे पाऊल टाकू नका.

यातलं काहीही आढळलं, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. सेक्रेटरींकडे अहवाल मागा. (ऑडिट झालेलं असलं, तरी तो पुष्कळदा कपाटातच राहतो.) मुंबईतली उपकरप्राप्त इमारत असेल, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे लेखी तक्रार द्या.

विसर्जनापर्यंत तपासणी झाली नाही, तर गॅलरीच्या दाराला कुलूप लावा, किल्ली स्वतःजवळ ठेवा आणि पाहुण्यांना घेऊन खाली उतरा.