क्वेरीचे मूळ केसपेपरात

कॅशलेस विम्यात रुग्णालय उपचार आधी करते आणि पैसे नंतर मिळवते. मध्ये विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारा टीपीए असतो. दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये हे काम अनेकदा रिसेप्शन सांभाळणाऱ्या माणसाकडेच असते. दावा अडला की बोल त्यालाच लागतो. पण टीपीएने विचारलेल्या पुष्कळशा शंका, म्हणजे क्वेरी, डॉक्टरांच्या नोंदींबद्दल असतात, आणि त्यांचे उत्तर डॉक्टरांनाच द्यावे लागते.

पहिला टप्पा पूर्वमंजुरीचा. अर्जात निदान, आयसीडी-१० कोड, आजाराचा कालावधी, पूर्वीचे आजार आणि अंदाजे खर्च भरावा लागतो. यात कालावधी सर्वांत नाजूक. जुन्या आजारासाठी पॉलिसीत ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाळ असू शकतो. केसपेपरवर मधुमेह ‘पाच वर्षांपासून’, अर्जात ‘दोन वर्षांपासून’ आणि डिस्चार्ज समरीत नुसताच ‘मधुमेह’ असेल, तर शंका येणारच. इतिहास दाखल करतानाच नीट विचारावा, कोणी सांगितला तेही लिहावे आणि तोच सर्व कागदांवर उतरवावा. पॉलिसी पाहून इतिहास बदलणे ही मात्र फसवणूक आहे. रुग्णाच्या भल्यासाठीही ती करू नये.

दुसरा प्रश्न दाखल करण्याच्या गरजेचा. केवळ तपासण्यांसाठी दाखल झालेल्या रुग्णाचा खर्च विम्यात बसत नाही. डेंग्यूच्या रुग्णाच्या कागदावर ‘ताप, निरीक्षणासाठी दाखल’ एवढेच असेल, तर तपासणाऱ्याला गरज दिसत नाही. उलट्यांमुळे तोंडाने काही घेता येत नव्हते, रक्तदाब खाली गेला होता, शिरेतून द्रव द्यावा लागला, हे वेळेसह नोंदलेले असेल तर निर्णयाचे कारण कागदावरच सापडते.

तिसरा प्रश्न कपातीचा. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा ३,००० रुपये असताना रुग्णाने ६,०००ची खोली घेतली, तर कपात केवळ भाड्यापुरती राहत नाही. सर्जनची फी, ओटी आणि नर्सिंगचा खर्चही निम्म्याने कापला जाऊ शकतो. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लागू नये, तसेच खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयांत ती करू नये, असे विमा नियामक आयआरडीएआयने २०२० मध्ये सांगितले. म्हणून दरपत्रक लेखी असावे, आणि रुग्णाला किती रक्कम खिशातून भरावी लागेल ते खोली देतानाच सांगावे. घरी जायच्या वेळी कळलेल्या कपातीचा राग डॉक्टरांवर निघतो आणि त्यांच्यावरचा विश्वास उडतो.

चौथा टप्पा डिस्चार्जचा. आयआरडीएआयच्या मे २०२४च्या परिपत्रकानुसार पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. त्याहून उशीर झाल्यास रुग्णालयाने आकारलेली जादा रक्कम विमा कंपनीने सोसायची आहे. पण हे तीन तास रुग्णालयाची विनंती पोहोचल्यावर मोजले जातात. समरी दुपारची ओपीडी आटोपल्यावर लिहिली गेली, तर तेवढा वेळ रुग्णालयाच्या खात्यावर जातो. ती आदल्या रात्रीच तयार ठेवता येते.

शेवटचे काम आलेल्या पैशांचा ताळा. टीपीएकडून रक्कम टीडीएस वजा होऊन येते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २००९ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. त्यामुळे बँकेत जमा झालेला आकडा बिलाशी जुळत नाही. मागितलेली रक्कम, मंजूर रक्कम, कपातीचे कारण, टीडीएस आणि जमेची तारीख असे पाच रकाने एका वहीत प्रत्येक दाव्यापुढे भरले, की कोणती कपात नियमाची आणि कोणती दाद मागण्याजोगी ते कळते. ही वही महिन्यातून एकदा डॉक्टरांनी स्वतः वाचावी. एकच कारण तीन दाव्यांत दिसले, तर दुरुस्ती केसपेपर लिहिण्याच्या पद्धतीत करायला हवी, आणि ती डॉक्टरांनाच करता येते.