निदान चुकले, पण हयगय झाली का?

पोटरी ठणकते, पाय सुजलाय म्हणून सिल्लोड-वैजापूरकडचा रुग्ण आधी जवळचा दवाखाना गाठतो. शीर आखडली असेल, म्हणून गोळ्या आणि मलम मिळते. चार दिवसांनी दम लागतो, छातीत कळ येते आणि छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयात समजते की पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात अडकली आहे. मग घरचे विचारतात, डॉक्टरांवर केस करता येईल का?

करता येते. मात्र निदान चुकले एवढ्यावर भरपाई मिळत नाही. गुठळी फसवी असते. पायात ती मुरगळ वाटते, फुप्फुसात न्यूमोनिया, आणि कधी तर तिचे खापर पित्तावर फुटते. म्हणून कायद्याचा प्रश्न वेगळा आहे. समोर दिसणाऱ्या लक्षणांवरून साधारण जाणकार डॉक्टरला शंका यायला हवी होती का? नुकतेच सिझेरियन झाले होते, पाय प्लास्टरमध्ये होता किंवा सूज एकाच पायाला होती, तरीही डॉप्लर सोनोग्राफी सांगितली नसेल, तर तक्रारीत दम आहे. दुसरी पायरी याहून अवघड. रक्त पातळ करणारे औषध वेळेत मिळाले असते तर अनर्थ टळला असता, हेही दाखवावे लागते.

या विषयावरचा देशातला पायाभूत निकाल आपल्याच मातीतला आहे. १९५३ च्या मे महिन्यात गुहागरजवळच्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला मोटारीने पुण्याला नेले. तिथे भूल न देता जोर लावून पाय ओढला गेला आणि त्याच रात्री तो दगावला. चरबीची गुठळी रक्तात गेल्याने मृत्यू झाला, असा डॉक्टरांचा बचाव होता. म्हणजे इथे गुठळी रुग्णाच्या नव्हे, डॉक्टरांच्या बाजूने उभी होती! न्यायालयांनी तो बचाव मानला नाही. जोशी विरुद्ध गोडबोले या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये वडिलांना मिळालेली ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. पंधरा वर्षे गेली.

आज मार्ग तुलनेने सोपा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या शांता निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. घटनेपासून साधारण दोन वर्षांत तक्रार करायची. उपचारांसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते आणि ती रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हैदराबादच्या प्रकरणात सांगितले. तिथे मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. गुठळीच्या बाबतीत मात्र तज्ज्ञाशिवाय निभाव लागणे कठीण, असे आमचे मत आहे. संतापाच्या भरात लोक आधी पोलीस ठाणे गाठतात. पण फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते, भरपाई देऊ शकत नाही.

या लढाईत वकिलाआधी कागद लागतो. रुग्णाने किंवा नातेवाइकाने मागणी केल्यावर डॉक्टरने ७२ तासांत कागदपत्रे द्यायची असतात. अर्ज लेखी करावा आणि त्यावर पोच घ्यावी. बाह्यरुग्ण चिठ्ठीवर ‘पाय दुखतो’ एवढेच लिहिले आहे की ‘डाव्या पोटरीला सूज’, या दोन-तीन शब्दांवर निकाल फिरू शकतो. ईसीजीची पट्टी उष्णतेने छापली जाते आणि कालांतराने पुसट होते. तिची झेरॉक्स लगेच काढावी. आयोगापुढे कोरा कागद ठेवून काय उपयोग?

आमचा आक्षेप आहे तो छत्रपती संभाजीनगरच्या घाटीसारख्या सरकारी रुग्णालयांच्या बाबतीत. जिथे सर्वांना मोफत उपचार मिळतात, ती सेवा शांता निकालानुसार ग्राहक कायद्यात बसत नाही. नाममात्र नोंदणी शुल्कानेही फरक पडत नाही. विमा कंपनीने खर्च भरला असेल तर रुग्ण ग्राहक ठरतो. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला दिवाणी न्यायालयात कोर्ट फी आणि तारखांचा रस्ता. मराठवाड्यातला सर्वांत गरीब रुग्ण घाटीत येतो, आणि हानी झाली तर सर्वांत लांबचा रस्ता त्याच्याच वाट्याला येतो. अशा रुग्णांसाठी राज्य सरकारने वेगळी भरपाई यंत्रणा उभारावी आणि तिच्यासाठी अर्थसंकल्पात तरतूद करावी.