तालमीतले लोखंड आणि पोरांची मनगटे



या पानावर एरवी लागण, खोडवा, तोडणीचा क्रम आणि उसाचे बिल यांबद्दल लिहिले जाते. आज आम्ही मनगटाबद्दल लिहीत आहोत. कारखान्याच्या पत्रिकेत हे कशाला, असे काही जण म्हणतील. पण ज्या घरात ऊस आहे त्याच घरात आज भरतीची तयारी करणारा मुलगा आहे, नाही तर वजन उचलणारी मुलगी आहे. आणि त्यांच्या मनगटाला फडके बांधलेले आम्हाला वारंवार दिसते, म्हणून हे लिहिणे.

मे २०२२ मध्ये ग्रीस देशातल्या हेराक्लिऑन गावी ज्युनिअर गटाची जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. वडगाव मावळच्या हर्षदा गरुड हिने ४५ किलो वजनगटात स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३, असे एकूण १५३ किलो उचलून सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले सुवर्ण. शेतकऱ्याच्या हिशेबात सांगायचे तर युरियाच्या एका गोणीइतकी मुलगी आणि तिच्या डोक्यावर जवळजवळ दोन गोण्या! साऱ्या मावळाची मान उंच झाली, आणि व्हायलाच हवी होती.

पण त्या यशात दोन नावे आणखी होती. तिचे वडील शरद गरुड, जे स्वतः वजन उचलण्याच्या खेळातले, आणि वडगावातच शिकविणारे तिचे गुरू बिहारीलाल दुबे. पोरांनी पदक पाहिले, लोखंड पाहिले. लोखंडाशेजारी वर्षानुवर्षे उभा असलेला माणूस मात्र फारसा कुणी पाहिला नाही. गावोगावी व्यायामशाळेला वजने भेट देण्याची हौस मोठी. फीत कापली जाते, नारळ फुटतो, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशी पोरे मोबाइलवर बघून उचलायला लागतात.

आमचे मत सरळ आहे. ज्या तालमीत शिकविणारा नाही तिथे आणखी लोखंड देऊ नये. तेवढ्याच पैशात आधी माणूस द्यावा. असे का म्हणतो, ते मनगटाची रचना पाहिली म्हणजे ध्यानात येईल.

मनगट हे काही दाराच्या बिजागरीसारखे नाही. आठ लहान लहान हाडे दोन ओळींत बसविलेली, वरून दोऱ्यांसारख्या बंधांनी आवळलेली, आणि मधून बोटांकडे जाणाऱ्या शिरा. मांडवाची मेढ ओळंब्यात उभी असली तर कितीही भार सरळ जमिनीत उतरतो. तीच मेढ थोडी कलली की सगळा ताण दोऱ्यांवर येतो. हातात वजन घेताना नेमके हेच होते. दांडी बोटांकडे सरकली की मनगट मागे कलते, आणि हाताच्या हाडावर जायचा भार त्या बंधांवर लटकतो. म्हणून बाकावर उताणे पडून वजन वर लोटताना दांडी बोटांच्या मुळाशी नको, तळहाताच्या खालच्या, मनगटालगतच्या गादीवर हवी. अंगठा फिरवून मूठ घट्ट. बाजूला उभे राहून पाहणाऱ्याला दांडी हाताच्या हाडाच्या बरोबर वर दिसली पाहिजे. मनगट किंचित मागे गेले तर बिघडत नाही. हाताचा पंजा ताटासारखा उताणा झाला की बिघडले. आता हे पाहणार कोण? उचलणाऱ्याला स्वतःचे मनगट बाजूने दिसत नाही. दुसरा माणूस लागतोच.

वजन छातीवर घेण्याचा प्रकार आणखी फसवा आहे. तिथे पोरे समजतात की दांडी हातांनी धरून ठेवायची. तसे नव्हे. दांडी खांद्यांच्या पुढच्या बाजूवर टेकते, कोपरे पुढे आणि उंच राहतात, बोटे दांडीखाली नुसती अडकलेली असतात. मनगट वाकलेले दिसते, पण त्यावर भार नसतो. ज्याचे खांदे आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला, त्याची कोपरे खाली पडतात, आणि मग सगळे ओझे त्या वाकलेल्या मनगटात शिरते. म्हणजे दुखते मनगट, दोष खांद्याचा. अशा मुलाच्या मनगटाला तेल लावून काय उपयोग? त्याला आधी नुसत्या काठीवर खांदे मोकळे करावयाला लावले पाहिजे. जाणता शिक्षक नव्या पोराला पहिले कितीतरी दिवस काठी आणि रिकामी दांडी यांवरच ठेवतो. पोराला ते अपमानासारखे वाटते. वाटू द्यावे.

दांडीचेही ऐका. स्पर्धेतली पुरुषांची दांडी २० किलोची आणि २८ मिलिमीटर जाडीची. मुलींची १५ किलोची आणि २५ मिलिमीटरची. दोहोंची टोके दांडीभोवती फिरती असतात. वजन झटक्याने वर जाताना चकत्या फिरल्या तरी तो पीळ हातापर्यंत येत नाही. वेल्डिंगच्या दुकानात पाइपाला टोके जोडून केलेली दांडी फिरत नाही. चकत्यांचा सगळा पीळ मनगट सोसते. पैसे वाचतात खरे, पण ते कुणाच्या हाडातून वाचतात याचा हिशेब कुणी ठेवत नाही. अशा दांडीवर सावकाश करावयाचे व्यायाम चालतील, झटक्याचे नकोत. आणि लहान हाताच्या मुलीच्या मुठीत जाड दांडी देऊ नये. मूठ नीट मिटली नाही की मनगट कलणारच.

आता आपल्या घरच्या पोराचा दिवस पाहा. पहाटे दोन म्हशींच्या धारा. दिवसा विळा नाही तर खोरे. मध्येच खताच्या गोण्या टेम्पोतून उतरविणे. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची झाली, बाकीचे खत बहुतेक ५० किलोचेच. संध्याकाळी तालीम. मोबाइलवरचा व्यायामाचा तक्ता दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यासाठी केलेला असतो. त्यात धारा धरलेल्या नसतात. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, पण बंध आणि शिरा मागाहून, फार सावकाश भक्कम होतात. म्हणून अंगात ताकद आली असे वाटते तेव्हाच मनगट बोलू लागते. ज्या दिवशी गोण्या उतरविल्या त्या दिवशी तालमीत पायांचा व्यायाम करावा, मुठीला सुट्टी द्यावी. वाढवायचे वजन एका वेळी चिमूटभर वाढवावे. सव्वा किलोच्या लहान चकत्या असतात त्या ह्यासाठीच. आणि देणगीच्या यादीत नेमक्या त्याच नसतात!

गोणी उचलतानाही तेच. दोन्ही कान बोटांच्या चिमटीत धरून एकट्याने हिसका देऊ नये. दोघांनी धरावी, अंगाजवळ घ्यावी, किंवा हमाल वापरतात तसा आकडा वापरावा. इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. ओझे कमी मागणे म्हणजे कमजोरपणा, असे आपल्याकडे तरण्या पोरांच्या डोक्यात बसले आहे. पण महाराष्ट्रात ज्यांच्या मनगटात सर्वांत जोर, त्या हमालांनीच ओझे कमी करा म्हणून लढा दिला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने शंभर किलोचे पोते पन्नासावर आणण्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. साखरेचे पोते उचलणाऱ्याला ती मागणी पटायला कुणाचे भाषण लागले नसेल.

भरतीच्या मुलांबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० पैकी १५ गुण गोळाफेकीचे. मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. जाहिरात निघाली की पोरे पहिल्या दिवसापासून पूर्ण वजनाचा गोळा घेऊन रोज शेकडा फेका मारतात. गोळा तळहातात ठेवला की फेकताना मनगट उलटे मोडते. तो बोटांच्या मुळाशी हवा, मानेला टेकलेला हवा, आणि जोर पायांपासून कंबरेतून यायला हवा. मनगटाने फक्त शेवटचा झटका द्यायचा. सुरुवात हलक्या गोळ्याने. दिवसाआड थोड्या फेका. मुलगा दोन वर्षे धावतो, अभ्यास करतो, आणि चाचणीच्या तोंडावर मनगट सुजवून घेतो, हे आम्हाला पाहवत नाही. जोर काढतानाही ज्याचे मनगट दुखते त्याने तळवे जमिनीवर टेकण्याऐवजी लाकडी मुठी धरून जोर काढावेत. मनगट सरळ राहते.

आता सर्वांत महत्त्वाचे. अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणला की जो खळगा पडतो, त्याच्या तळाशी होडीच्या आकाराचे एक लहान हाड असते. पसरलेल्या हातावर पडल्याने ते मोडते. कबड्डीत, मोटारसायकलवरून, किंवा दांडीसकट मागे कोसळून. सूज थोडीच येते, बोटे हलतात, म्हणून माणूस म्हणतो, मुरगळले. पहिल्या एक्स-रे फोटोत ते पुष्कळदा दिसतही नाही. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे न बांधता सोडले तर कधी कधी जुळतच नाही, आणि पुढे काही वर्षांत सांधा झिजतो. वेळेवर प्लास्टर घातले तर बहुतेक जणांचे जुळते. तेव्हा पडल्यानंतर त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर चोळू नये, ओढून बसवून घेऊ नये. डॉक्टरांकडे जावे, आणि पहिला फोटो साफ आला तरी दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा दाखवावे. तोवर हात बांधलेला राहू द्यावा. करंगळीच्या बाजूला मूठ पिळताना दुखत असेल, किंवा रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर तेही दाखवावे. ती दुखणी निराळी आहेत. वाढत्या वयाच्या मुलांत मनगटाजवळ हाड वाढण्याची मऊ पट्टी असते. तिथले दुखणे वेळीच थांबले तर बहुधा भरून येते; दुखत असताना रेटले तर हाडाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

मनगटाला बांधायच्या पट्ट्याचे बरेच कौतुक आहे. पट्टा वाईट नाही. तो सांध्यावर यावा, खाली हातावर नव्हे, आणि फक्त जड वजनापुरता बांधावा. दुखणे झाकायला पट्टा बांधणारा पोरगा फुटलेल्या पाइपाला चिंधी बांधून पाणी सोडतो.

काही जण म्हणतील, चांगल्या गुरूच्या हाताखालीही दुखापत होतेच की. होते. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळविले; सुवर्ण एका किलोने गेले, कारण १३९ किलोच्या प्रयत्नात त्याचे कोपर दुखावले. पण तो जगाच्या मंचावर, हाताच्या अंतरावर डॉक्टर असताना दुखावला. आमच्या गावातला पोरगा चाळीस किलोवर, कुणी बघायला नसताना दुखावतो. यातला फरक आम्हाला लहान वाटत नाही.

तेव्हा संचालक मंडळास आमची नम्र सूचना अशी की, सभासदांच्या कल्याणासाठी जी रक्कम ठेवली जाते तिच्यातून व्यायामशाळांना साहित्य देण्याचे एक वर्ष थांबवावे. त्याऐवजी पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ आणि लोणावळ्याकडचा भाग अशा चार ठिकाणी शिकलेले प्रशिक्षक आठवड्यातून दोन दिवस फिरते ठेवावेत. आठ-दहा गावांना एक माणूस पुरतो. मुलींसाठी स्वतंत्र वेळ असावी. ज्या तालमीतले दोन तरुण त्याच्याकडे सहा महिने शिकतील त्या तालमीला पुढच्या वर्षी फिरत्या टोकांची एक चांगली दांडी द्यावी, लहान चकत्यांसकट.

हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावयाचा आहे. त्यासाठी सभासदांनी आपल्या गावच्या तालमीत दांड्या किती, त्यांची टोके फिरती आहेत की जोडलेली, मुले किती, मुली किती, शिकविणारा कोणी आहे काय, आणि गेल्या वर्षात किती जणांचे हात प्लास्टरमध्ये गेले, एवढे एका कागदावर लिहून आपल्या गट कार्यालयातील शेतकी मदतनिसांकडे द्यावे. दांडी फिरते की नाही ते हाताने फिरवून पाहावे, विचारून नव्हे.