मामा परदेशात हवा

पंजाब सरकारने २० ऑगस्ट २०२४ रोजी एक अधिसूचना काढली आणि राज्यातल्या कितीतरी घरांत विसरलेली नाती एकदम जिवंत झाली. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के एनआरआय जागांसाठी मूल परदेशातलं नसलं तरी हरकत नाही, आईबापही नसले तरी हरकत नाही. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा, चुलत-मावस भावंडं यांच्यापैकी कुणी बाहेर असलं आणि ‘या मुलाचा पालक मी’ असं त्याने लिहून दिलं की झालं. पंजाबात कॅनडाला कुणीच नाही असं घर शोधावं लागतं, त्यामुळे रिकाम्या राहणाऱ्या जागा भरण्याचा याहून सोपा उपाय नव्हता. उच्च न्यायालयाने तीन आठवड्यांत ती अधिसूचना रद्द केली. सरकार तरीही सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ सप्टेंबरला तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अपील फेटाळलं आणि हा एनआरआयचा धंदा म्हणजे निव्वळ फसवणूक आहे, तो आता थांबला पाहिजे, असं सुनावलं. तिप्पट गुण मिळवलेली मुलं दाराबाहेर राहतील, हेही न्यायालयाने बोलून दाखवलं. पंजाबचा बचाव असा होता की हिमाचल, उत्तर प्रदेश आणि चंडीगडमध्येही असंच चालतं.

बचावात तथ्य होतं, दुखणं तेच आहे.

आपल्याकडे ही बातमी पंजाब्यांच्या कॅनडावेडाचा एक किस्सा म्हणून वाचली गेली. वास्तविक हा रस्ता पुण्यावरून गेलेला आहे. पुण्याचे शिक्षणसंस्थाचालक पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी ऑगस्ट २००५ मध्ये निकाल दिला. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांत सरकार स्वतःचा कोटा लादू शकत नाही, हे त्याचं मुख्य सूत्र. त्याच निकालात एनआरआय जागा १५ टक्क्यांपर्यंत ठेवायला मुभा मिळाली. संस्थांना पैसा लागतो, तो परदेशातून येत असेल तर येऊ द्यावा, असा विचार. सोबत अटी होत्या. या जागा खरोखरच्या अनिवासी भारतीयांनी स्वतःच्या मुलांसाठी किंवा पाल्यांसाठीच वापराव्यात, गुणवत्तेला पूर्ण फाटा देऊ नये, आणि येणारा पैसा आर्थिकदृष्ट्या दुर्बळ विद्यार्थ्यांसाठी खर्च व्हावा.

गंमत अशी, की त्याच ठिकाणी न्यायालयाने नोंदवून ठेवलं आहे की एनआरआय हे नावच फसवं आहे. कोर्टात आलेल्या एकामागून एक प्रकरणांत मूलही अनिवासी नव्हतं आणि पालकही नव्हते. कमी गुणांची पण जास्त पैसा आणू शकणारी मुलं या वाटेने आत येतात, हे न्यायमूर्तींनी लिहिलं आणि मग परवानगी दिली. चोर कुठून येतो ते ठाऊक असताना तिथेच दार बसवायचं आणि दारावर ‘चोरांनी येऊ नये’ अशी पाटी लावायची, असा हा प्रकार. ‘पाल्य’ या शब्दात मामा-मावशी मावतात हे वकिलांच्या ध्यानात यायला मग कितीसा वेळ लागणार?

आता ही प्रक्रिया जवळून पाहू. अभिमत विद्यापीठांतले वैद्यकीय प्रवेश दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी करते. प्रवेशफेऱ्या सुरू होण्याआधी ही समिती दर वर्षी एक सूचना काढते: ज्या उमेदवारांना आपला दर्जा ‘भारतीय’वरून ‘एनआरआय’ असा बदलून घ्यायचा आहे, त्यांनी अमुक तारखेपर्यंत कागदपत्रं ई-मेलने पाठवावीत. नीटचा फॉर्म भरताना मूल भारतीय असतं. निकाल लागतो, गुण कमी पडतात, आणि पावसाळ्यात ते अनिवासी होतं. लागतं काय? प्रायोजकाच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, दूतावासाचा दाखला, पूर्ण अभ्यासक्रमाची फी मी भरीन असं प्रायोजकाचं प्रतिज्ञापत्र आणि नात्याचा पुरावा. गेली काही वर्षं मराठवाड्यातला माणूस कुणबी नोंदीसाठी वंशावळ शोधत तहसीलच्या अभिलेख कक्षात फिरतो आहे, मोडी वाचणाऱ्यापुढे हात जोडतो आहे. त्याच राज्यात दुसरी एक वंशावळ एका दुपारी स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर तयार होते. तिच्या टोकाला न्यू जर्सीतला एक मामा असतो, ज्याने भाच्याला शेवटचं मुंजीत पाहिलेलं असतं. फी तो भरणार, असं कागद म्हणतो. पैसे कुठून निघतात आणि कुठे वळसा घालून येतात, ते सगळ्यांना माहीत असतं.

हे सगळं जुळवून देणारी माणसं आता चांगल्या इमारतीत बसतात. पूर्वी त्यांना एजंट म्हणत, आता ‘अॅडमिशन कौन्सेलर’ म्हणतात. पहिला प्रश्न गुणांचा नसतो. “साहेब, बजेट काय धरलंय?” हा पहिला. “बाहेर कुणी आहे का आपलं?” हा दुसरा. मॅडमचा भाऊ दुबईला आहे म्हटलं की समोरचा माणूस मोकळा हसतो.

समोर बसलेले साहेब बहुधा स्वतःच डॉक्टर असतात. तालुक्याच्या गावी त्यांनी तीस-चाळीस खाटांचं हॉस्पिटल उभं केलेलं असतं. तळमजल्यावर मेडिकल, वरच्या मजल्यावर घर, सोनोग्राफीच्या मशीनचे हप्ते नुकतेच फिटलेले. मुलाला दोनदा ड्रॉप देऊन लातूरला नीटच्या क्लासला ठेवलं, गुणांची गाडी साडेतीनशेच्या पुढे सरकली नाही. “मी एवढं बांधून ठेवलंय, चालवायला कोण?” या प्रश्नात त्यांना काहीही वावगं वाटत नाही, आणि मला त्यांचा राग येत नाही हेही सांगून टाकतो. किराणा दुकान मुलाकडे जातं, शेती जाते, आमदारकी जाते, मग हॉस्पिटल का जाऊ नये, असा त्यांचा साधा हिशोब असतो. आपण कुणाची जागा घेतो आहोत, हे त्या केबिनमध्ये कुणाच्या मनातही येत नाही. ज्याची जागा जाते तो तिथे नसतो, त्याचं नावही कळत नाही.

तो कुठे असतो, ते आकड्यांतून दिसतं. २०२४ साली नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली, त्यांतली सुमारे १३ लाख ‘पात्र’ ठरली. देशात एमबीबीएसच्या जागा होत्या १ लाख १० हजारांच्या आसपास. म्हणजे पात्रतेची रेषा इतकी खाली आहे की एका जागेसाठी बारा मुलं पात्र ठरतात. त्या बारांतून एक निवडायचा तो गुणांवर, असं आपण समजतो. सरकारी महाविद्यालयांपुरतं ते खरं आहे. तिथे त्या वर्षी महाराष्ट्रात खुल्या गटाला ७२० पैकी सहाशेच्या कितीतरी पुढे जावं लागलं. खासगीच्या दारात मात्र दुसरी चाळणी लागते. सरकारी फी वर्षाला दीड लाखाच्या घरात, खासगीची त्याच्या कित्येक पट, आणि काही अभिमत विद्यापीठांत वर्षाला २५ लाखांच्या वर. साडेपाचशे गुणांच्या शिक्षकाच्या मुलाला जागा लागते, तो फीचा तक्ता पाहतो आणि जागा सोडतो. ती जागा दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या फेरीत, मग उरलेल्या जागांच्या स्ट्रे राउंडमध्ये खाली खाली घरंगळत जाते आणि पाकीट जाड असलेल्या मुलापाशी थांबते. यात कुणी खोटा कागद केलेला नसतो. नियम पाळूनच सगळं होतं.

आणि तरीही जागा उरल्या तर? मग रेषाच खाली घेतली जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाची पात्रता केंद्र सरकारने सगळ्या गटांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. परीक्षेला बसलेला प्रत्येक डॉक्टर पात्र, मग गुण उणे का असेनात! कारण दिलं गेलं ते जागा वाया जाऊ नयेत हे. या जागांची फी कमी करून त्या भराव्यात, असं मात्र कुणाला सुचलं नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित महाविद्यालयांना दारं उघडली. गावोगावी महाविद्यालयं आली, मुलांना बंगळूर-मणिपालला जायची गरज उरली नाही, हा त्या धोरणाचा फायदा नाकारण्यात अर्थ नाही. पण चारच वर्षांत, १९८७ मध्ये, कॅपिटेशन फी बंद करणारा कायदा याच राज्याला करावा लागला. कायदा आला आणि डोनेशन टेबलाखाली गेलं. इनामदार निकालानंतर त्यातलं काही पुन्हा टेबलावर आलं, पावतीसकट. ‘शिक्षणसम्राट’ ही उपाधी मराठीने उगाच घडवली नाही.

अमेरिकेत २०१९ च्या मार्चमध्ये एफबीआयने रिक सिंगर नावाच्या प्रवेश-सल्लागाराचं जाळं उघड केलं, तेव्हा आपल्याकडच्या वाहिन्यांनी नट्यांचे फोटो दाखवून हौस भागवली. फेलिसिटी हफमनने मुलीचे परीक्षेतले गुण वाढवून घ्यायला १५ हजार डॉलर दिले आणि १४ दिवसांची शिक्षा घेतली. लोरी लॉफलिन आणि तिच्या नवऱ्याने पाच लाख डॉलर मोजून दोन मुलींना कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात नौकानयनाच्या खेळाडू म्हणून घुसवलं. मुली त्या खेळातल्या नव्हत्याच. सिंगर आपल्या गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा की पुढचं दार गुणांचं, मागचं दार विद्यापीठाला मोठी देणगी देणाऱ्यांचं, आणि त्याचं स्वतःचं दार बाजूचं, स्वस्तातलं. पकडला गेला तो बाजूच्या दारवाला. कोट्यवधींची देणगी देऊन मागून जाणाऱ्याला तिथेही कुणी हटकत नाही. आपल्याकडे हे मागचं दार माहितीपुस्तिकेत छापलेलं असतं, फीच्या तक्त्यासकट, एवढाच फरक.

या सगळ्यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट २००५-०६ ची आहे. इनामदार निकालाने खासगी संस्थांतलं सरकारी आरक्षण गेलं, म्हणून संसदेने त्याच वर्षी डिसेंबरात ९३ वी घटनादुरुस्ती केली. पुढच्या एप्रिलमध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री अर्जुनसिंग यांनी केंद्रीय संस्थांत ओबीसींना २७ टक्के जागा देण्याचं जाहीर केलं. मे महिन्यात दिल्लीच्या एम्ससह देशभरातले निवासी डॉक्टर संपावर गेले. गुणवत्तेची अंत्ययात्रा निघाली, कुणी रस्ते झाडले, कुणी बूटपॉलिश केलं. त्याच्या नऊ महिने आधी कमी गुणांच्या, जास्त पैशांच्या मुलांसाठी १५ टक्क्यांची वाट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात मंजूर झाली होती. तिच्यासाठी एकही झाडू उचलला गेला नव्हता. आजही लग्नाच्या पंगतीत ‘अमक्याला इतक्या गुणांवर मिळालं’ ही तक्रार जातीवरून सुरू होते. तमक्याला त्याहून दीडशे कमी गुणांवर मिळालं, हे बोलायचं नसतं, कारण तो तमका शेजारच्याच पाटावर बसलेला असतो.

आरक्षणाच्या आतही श्रीमंतांनी वाट काढलेली आहे, हे मान्य केलं पाहिजे. नॉन-क्रीमी लेअरची मर्यादा वार्षिक ८ लाखांची, पण १९९३ च्या नियमानुसार त्या हिशोबात पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी आईबापांच्या पदांची वेगळी कसोटी आहे, पण मोठ्या बागायतदाराला कागदावर गरीब होणं फारसं अवघड जात नाही. प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या प्रकरणात वडिलांच्या निवडणूक प्रतिज्ञापत्रातली सुमारे ४० कोटींची मालमत्ता आणि मुलीचा नॉन-क्रीमी लेअरचा दाखला शेजारी शेजारी आले, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. तो व्हायलाच हवा होता. फक्त दाखल्यावर बोलणारी तोंडं प्रायोजकाच्या प्रतिज्ञापत्रावर गप्प का होतात, एवढंच विचारायचं आहे.

मग करायचं काय? एनआरआय कोटा बंद करा, असं म्हणणं सोपं आहे. खरोखर परदेशात वाढलेली, मराठी धड न येणारी पण मिरजेला किंवा कराडला शिकायला येऊ पाहणारी मुलंही आहेत, त्यांच्यासाठी काही जागा असाव्यात. पण सर्वसाधारण गुणवत्ता यादी जशी नावागुणांसह जाहीर होते, तशी या जागांचीही व्हावी. उमेदवाराचे गुण, प्रायोजकाचं नातं, तो किती वर्षं कुठल्या देशात आहे, आणि फी कुठल्या खात्यातून आली, चार रकाने पुरेत. राज्याच्या सीईटी सेलला आणि दिल्लीच्या समितीला यासाठी नवा कायदा लागत नाही, यातली बरीच माहिती त्यांच्या संगणकात पडलेलीच आहे.

आणखी एक रकाना इनामदार निकालानेच सांगून ठेवला आहे. या जागांतून आलेल्या पैशातून किती गरीब मुलं शिकली? मी चाळलेल्या एकाही माहितीपुस्तिकेत त्याचा हिशोब मला दिसला नाही. जे पालक प्रवेशासाठी रांगेत उभे राहणार आहेत, त्यांनी फीची पावती घेताना खिडकीवरच्या माणसाला हा आकडा विचारावा. तो “वरती विचारा” म्हणेल. मग वरती जाऊन विचारावं, आणि तिथे तोंडी उत्तर मिळालं नाही तर लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.