नागाची भाची, ड्रॅगनचा दोस्त



सुट्टी लागली की निजामपुऱ्यातली मुलं ड्रॅगनचे सिनेमे बघतात आणि गल्लीत तेच खेळतात. 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन' हा २०१० चा चित्रपट क्रेसिडा कॉवेल या लेखिकेच्या २००३ च्या पुस्तकावरून निघाला. गावाचा वैरी ठरलेल्या ड्रॅगनला हिकप हा मुलगा पाडतो, त्यात त्याच्या शेपटीचा पंख तुटतो. पण मारायची वेळ येते तेव्हा हिकपचं मन धजत नाही. तो नवा पंख बनवून देतो आणि दोघं मिळून उडतात.

मला आपली नागपंचमीची कहाणी आठवते. माहेरचं कुणी नसलेली धाकटी सून नागालाच आपला मानते. शेषनाग मामा होऊन तिला न्यायला येतो. नागीण बाळंत होताना हिच्या हातून दिवा पडतो, पिलांच्या शेपट्या भाजतात. मोठी झाल्यावर ती सूड घ्यायला येतात, तर ही नागाचं चित्र काढून या भावांचंच भलं मागत असते. त्यांचा राग निवतो आणि नवरत्नांचा हार ठेवून ती परततात.

दोन्हीकडे जखम माणसाच्या हातची आहे आणि वैर मोडतं ते नातं जोडल्यामुळे. १९७० आणि १९८४ च्या दंगली सोसलेल्या भिवंडीला हे वेगळं सांगायला नको. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मोहल्ला समित्यांत दोन्ही समाजांची माणसं आधीपासून एकत्र बसत होती, याचा त्यात मोठा वाटा होता.

एक फरक मात्र मला खुपतो. हिकप आपला आपण रानात जातो. सुनेला न्यायला मामा यावा लागतो आणि शेवटी तिच्या पदरी दागिना पडतो, उड्डाण नाही. वयात आलेल्या मुलीला वाचनालयापर्यंत जायलाही आपण सोबत शोधतो, आणि साहसकथा मुलग्याच्या हाती देतो. पॅट्रिशिया रीडी यांच्या 'डीलिंग विथ ड्रॅगन्स' (१९९०) मधली राजकन्या ठरलेलं लग्न नाकारून आपण होऊन ड्रॅगनकडे राहायला जाते. अशा गोष्टी मराठीत आणि उर्दूत आपल्या लेकींपर्यंत पोचायला हव्यात.

तोवर घरातल्या गोष्टी आहेतच. नागपंचमी नसलेल्या घरांत अमीर हमजाची दास्तान आहे. देव आणि परीच्या पोटी जन्मलेला अश्कर घोडा त्यात हमजाचा साथीदार होतो. गोष्ट सांगून झाली की लेकीला विचारा: तू कुणाच्या पाठीवर बसून कुठे गेली असतीस? तिचं उत्तर आम्हांला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवत आहोत.

— संपादक मंडळाच्या वतीनं